थूल मॅडमचा विसराळूपणा

हे मी आजवर कोणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि बायकोला तर मी चहात मुंगी पडली तरी हाक मारून दाखवतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं घरचे म्हणतात. हे मात्र राहिलं. वर्षं गेली, राहिलंच. आता तुम्हाला सांगायचं म्हणून बसलो, तर दोनदा उठून झालं. एकदा पाणी प्यायला, एकदा नुसताच फाटकापर्यंत जाऊन आलो. फाटकाशी माझं काही काम नव्हतं.

सुरुवात कुठून करू? पोरांना मी रोज सांगतो — प्रश्न काय विचारलाय ते बघा, तेवढंच लिहा, पाल्हाळ लावू नका. स्वतःवर आलं की मात्र माणसाला पाल्हाळच सुचतं. चालेल ना तुम्हाला? थोडं चालवून घ्या.

मी विज्ञानाचा शिक्षक. राहायला वर्ध्याला लागून, सिंदी मेघेला. शाळा अल्लीपूरकडच्या एका गावात. रोजचं अपडाउन. आमच्या शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षण शिकवायला वंदना थूल मॅडम आहेत. त्याही सिंदी मेघेच्याच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांचे मिस्टर नोकरीसाठी चंद्रपूरला, मुलगा पुण्याला. घरी त्या एकट्याच. आवाज असा, की मैदानाच्या त्या टोकाला उभं राहून त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की प्रयोगशाळेत माझ्या वर्गातली पोरंही ताठ व्हायची.

आणि मला त्यांचा विषय — आता खोटं कशाला बोलू — विषयच वाटायचा नाही. दहावीचा पीटीचा तास मी किती वेळा मागून घेतला असेल! ‘मॅडम, पोर्शन राहून गेला हो.’ त्या द्यायच्या. एकदाच म्हणाल्या, ‘घ्या सर. पण पोट्ट्यायले मधात एकदा उठवून उभं करजा. बसून बसून आंबून जातेत ते.’ मी हो म्हणालो. उठवलं का? नाही उठवलं.

मग ते दिवस आले. शाळेला कुलूप — म्हणजे आपल्यासाठी कुलूप, आत विलगीकरण केंद्र झालं होतं. माझ्या प्रयोगशाळेत खाटा लागल्या होत्या. मुख्याध्यापकांनी मोबाइलवर सभा घेतली. प्रत्येकानं आपल्या विषयाचा व्हिडिओ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. गणितवाल्यांनी भिंतीला फळा टेकवला, मराठीच्या मॅडमनं घरच्या पडद्यासमोर बसून कविता म्हटल्या. राहिल्या थूल मॅडम. शारीरिक शिक्षण मोबाइलवर कसं शिकवायचं? सभेत कोणीतरी हसलंसुद्धा. मुख्याध्यापक म्हणाले, ‘थूल मॅडमले तुमी पाहा, सर. तुमी तंत्रस्नेही आहा.’

तंत्रस्नेही! एका प्रशिक्षणाला मी गेलो होतो, प्रमाणपत्र मिळालं होतं, ते घरी बैठकीच्या खोलीत लावलेलं आहे. व्हिडिओ कापता येणं, त्याला गाणं लावता येणं — एवढ्या भांडवलावर मी शाळेत त्या काळात भाव खाऊन घेतला. सगळे मलाच फोन करायचे. आवडायचं मला ते. बाहेर माणसं जात होती, ॲम्ब्युलन्सचा आवाज सावंगीच्या दवाखान्याच्या रस्त्यानं सारखा येत होता, आणि मला — हे बोलायलाही लाज वाटते — मला तेव्हा आपण कामाचे आहोत असं फार वाटायचं.

थूल मॅडमच्या घराजवळ बुद्धविहार आहे, त्याच्या मोकळ्या आवारात आम्ही व्हिडिओ करायचो. सकाळी, ऊन चढायच्या आत. मी मोबाइल धरायचो, त्या ट्रॅकसूटमध्ये समोर उभ्या. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं जोरात शिट्टी मारली आणि माझ्या मोबाइलमधला आवाज पार फाटला. म्हटलं, मॅडम, शिट्टी नको. त्यांना ते जमेना. हात सारखा गळ्याकडे जायचा. मोबाइलकडे बघून बोलायचं म्हटलं की चेहरा पाटीसारखा कोरा व्हायचा. ज्या बाईनं अख्खी शाळा एका आवाजावर उभी केली, ती माझ्या हातातल्या एवढ्याशा डबीसमोर घामाघूम. मी हसायचो. त्याही हसायच्या. तोवर सगळं बरंच चाललं होतं.

एक गोष्ट मात्र त्या सोडत नसत. व्यायाम सुरू करायच्या आधी त्या बोलायच्या. बरंच बोलायच्या. ‘ज्याच्या घरी ताप आहे, ज्याले सोताले येऊन गेला, त्यानं आज उड्या माराच्या नाईत. बसून फक्त श्वास घ्याचा. सकाळपासून काई खाल्लं नसन त्यानं पह्यले खाऊन घ्या. लाजाचं नाई. मी कोणाची गैरहजेरी लावत नाई.’ असं. प्रत्येक वेळी. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण हेच. मी एकदा वैतागून म्हणालो की मॅडम, हे एकदा सांगितलं ना, रोज काय? तर म्हणाल्या, ‘मैदानावर मले लेकरू दिसते, सर. कोणाचं तोंड उतरलं, कोण उपाशी आलं, कोण लंगडून राह्यलं. याच्यात मले कोणीच दिसत नाई. मंग बोलाव नाई लागन का?’

मी मान हलवली. मनात म्हणालो, किती ते भाषण.

बघा, मी अजून मुद्द्यावर आलो नाही. येतो. मध्येच उठलो होतो, तुम्हाला कळलं नसेल.

दुसरी लाट होती ती. दोरीवरच्या उड्यांचा व्हिडिओ. मॅडमनं चांगला केला होता — आधी अंग मोकळं करणं, मग साध्या उड्या, मग एका पायावरच्या. दोरी नसेल तर बैलाच्या जुन्या कासऱ्यानं चालेल, हेही सांगितलं. आमच्या पोरांच्या घरी दोरी असो नसो, कासरा असतो. पण व्हिडिओ लांबला. ग्रुपवर चढेना. मोठी फाइल व्हॉट्सॲप घ्यायचं नाही, आणि दोन तुकडे केले तर पोरांचा डेटा जातो म्हणून मुख्याध्यापकांची सक्त सूचना, एका विषयाचा एकच व्हिडिओ. काहीतरी कापणं भाग होतं. मी कापलं.

काय कापलं ते तुमच्या लक्षात आलं असेलच. त्यांचं सुरुवातीचं बोलणं. पूर्ण. व्हिडिओ थेट सुरू होतो तो हातपाय हलवण्यापासून.

आता तुम्ही म्हणाल, फाइल मोठी होती, नाइलाज होता, चूक झाली माणसाकडून. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण व्हिडिओच्या सुरुवातीला मी एक पाटी लावायचो. शाळेचं बोधचिन्ह गरगर फिरत यायचं, मागे संगीत, मग शाळेचं नाव, मग ‘संकलन व तांत्रिक साहाय्य’ आणि खाली माझं नाव, सोनेरी अक्षरात. ते काढलं असतं तरी फाइल बसली असती. मी करून बघितलं होतं. तेवढंच कमी होत होतं, जवळजवळ. म्हणजे माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, त्यातली एक ठेवायची होती, आणि मी माझं नाव ठेवलं.

कोणाला दाखवायचं होतं मला ते नाव? आठवीच्या पोरांना? त्यांना माझं नाव माहीत होतं की.

व्हिडिओ ग्रुपवर गेला. आठवीत समीक्षा नावाची मुलगी होती. कबड्डीत चांगली, थूल मॅडमच्या जिवाची. घरी सगळ्यांना ताप येऊन गेला होता, तिलाही. उठून चार दिवस झाले नसतील. व्हिडिओ बघितला, कासरा घेतला आणि अंगणात उड्या मारायला लागली. मॅडमनं सांगितलंय म्हटल्यावर ती मारणारच. भोवळ आली आणि पडली ती धुणं धुवायच्या दगडावर. कपाळ फुटलं. बराच वेळ शुद्धीवर नव्हती. गाडी मिळेना, कोणी हात लावायला येईना — ते दिवस तुम्हाला आठवतात ना? तिच्या वडिलांनी तिला मोटरसायकलवर पुढे धरून हिंगणघाटला नेलं. टाके पडले. वाचली. आज ती कॉलेजात आहे, कपाळावर खूण आहे, केसांखाली झाकते.

मला हे मुख्याध्यापकांच्या फोनवरून कळलं. ते सांगत होते, आणि मी काय केलं असेल? विचारलं का, पोरगी कशी आहे म्हणून? नाही. ‘हो सर, हो सर’ म्हणत फोन ठेवला, मोबाइल उघडला आणि न कापलेला, मूळ व्हिडिओ पुसून टाकला. मग जिथं पुसलेल्या फाइली पडून राहतात तिथूनही काढला. पोरगी कशी आहे हे विचारायला मी परत फोन केला तो त्यानंतर.

संध्याकाळी थूल मॅडमचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. आवाज मात्र बसलेला. म्हणाल्या, ‘सर, मी बोलली होती नं? तापवाल्यानं उड्या माराच्या नाईत म्हणून? ग्रुपवरच्यात त नाई दिसून राह्यलं. कापल्या त नाई गेलं?’

किती सरळ प्रश्न. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. ‘हो मॅडम, माझ्याकडून कापल्या गेलं,’ एवढं म्हणायचं होतं. रागावल्या असत्या. मुख्याध्यापक बोलले असते. समीक्षाच्या वडिलांनी कदाचित माझी कॉलर धरली असती. बस. त्यापलीकडे काय होणार होतं माझं?

मी म्हणालो, ‘नाई मॅडम. मी सुरुवात कधी कापत नाई, कापलं त शेवटचं कापतो. मोठा व्हिडिओ पण पाह्यला मी. त्यात नाईच आहे.’ आणि तेवढ्यावर थांबलो नाही. खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं उघडं पडलेलं वाटतं, तो त्यावर अजून एक पांघरूण घालतो. म्हणालो, ‘मागच्या व्हिडिओत बोलल्या होत्या न तुमी. रोजच बोलता. म्हणून तुमाले तसं वाटून राह्यलं.’

मग त्या म्हणाल्या, ‘असन मंग. माझंच राहून गेलं असन.’

बघा, त्यांना पटलं. मला भांडण अपेक्षित होतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. भांडण झालंच नाही. विहाराच्या आवारात उभं राहून आपण जे आपल्या तोंडानं बोललो, ते बोललोच नव्हतो, हे त्यांनी माझ्या एका वाक्यावर मान्य करून टाकलं. मी तंत्रस्नेही होतो ना. मोबाइलमध्ये काय आहे ते मला कळणार, त्यांना कसं कळणार?

दोन दिवसांनी मोबाइलवरच पालकसभा. बोलावणारा मी, लोकांना आत घेणारा मी. सभेआधी मी थूल मॅडमला फोन करून समजावलं — हेही माझंच काम — की जास्त खुलासे करू नका, लोक तापलेले आहेत, राहून गेलं म्हणा आणि मोकळ्या व्हा. मदत करतोय असाच माझा सूर होता. समीक्षाचे वडील आरडाओरडा करणारे नव्हते. शेतात उभं राहून बोलत होते, मागे तुरीच्या काड्या दिसत होत्या. म्हणाले, ‘मॅडम, तुमी एक शब्द बोलल्या असत्या त ते बसली असती. माझं नाई ऐकत ते, तुमचं ऐकते.’ मॅडमनं स्क्रीनवर दोन्ही हात जोडले. ‘माझ्याकडून राहून गेलं, भाऊ. चूक माझी आहे.’ समोर सगळ्यांचे चौकोन. त्यातल्या एका चौकोनात मी बसलो होतो, मागे भिंतीवर माझं प्रमाणपत्र.

सभा संपल्यावर मी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मॅडमनी मोठं मन दाखवलं.’ खाली सगळ्यांचे अंगठे. मॅडमनं हात जोडल्याचं चित्र टाकलं — माझे आभार मानायला.

इथंच संपलं असतं तर? तर मी कदाचित आज बसलो नसतो. जुनी चूक होती, पोरगी बरी झाली, मॅडमवर काही कारवाई झाली नाही, विषय मिटला. असं मी मिटवून ठेवलं होतं. पण ते मिटलेलं नव्हतं. ते त्या बाईच्या डोक्यात चालू होतं, आणि मला रोज समोर दिसत होतं.

शाळा सुरू झाल्या. मैदानावर थूल मॅडम परत उभ्या राहिल्या. आता त्या सूचना तीनदा सांगायच्या. एकदा सांगायच्या, मग पोरांकडून म्हणवून घ्यायच्या, आणि मग कोणाला तरी विचारायच्या, ‘मी सांगतलं नं?’ पोरं काय, पोरंच ती. नकला करायला लागली. मधल्या सुट्टीत एकमेकांना विचारायची, ‘मी डबा खाल्ला नं?’ मॅडमच्या तळहातावर पेनानं लिहिलेलं असायचं — आज काय करायचं, कोणाला काय द्यायचं. स्टाफरूममध्ये गंमत सुरू झाली. मॅडम, बदाम खात जा. मॅडम, आज मस्टरवर सही केली का? मीही हसायचो. एका दिवाळीला मी त्यांना बदामाचा पुडा नेऊन दिला. सगळे खो खो हसले. त्यांनी तो घरी नेला, आणि नंतर मला मुद्दाम सांगितलं की रोज रात्री भिजवून, सकाळी सोलून खाते म्हणून.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, बाहेर खाल्लं का काही? म्हटलं, हो.

माणूस विसरतो. मी विसरतो, तुम्ही विसरता. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो आणि हसून सोडून देतो. त्यांना सोडता येत नव्हतं. कोणाची फी घ्यायची विसरल्या, बस एक स्टॉप पुढे गेली — झालं, तळहातावर अजून एक ओळ लिहायच्या. हे का, ते मला मागच्या हिवाळ्यात कळलं. शाळा सुटताना माझ्या गाडीजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘सर, सावंगीले मेंदूच्या डॉक्टरले दाखवाव म्हणते. तुमी येता का सोबत? मिस्टरले नाई सांगतलं अजून, ते घाबरतेत.’ मग इकडे तिकडे बघून, हळू आवाजात, ‘माझ्या मायले शेवटी शेवटी कोणीच ओळखू येत नव्हतं. तिचं पण असंच सुरू झालं होतं. बोललेलं आठवत नव्हतं.’

मला का विचारलं त्यांनी? स्टाफमध्ये बायका नव्हत्या का? विचारलं, कारण त्यांच्या लेखी मी त्या अडचणीत त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस होतो.

गेलो. नाही कसा म्हणणार? दवाखान्यात ही गर्दी. नंबर लागला तेव्हा आत एक तरुण डॉक्टर, शांत मुलगा. त्यानं मॅडमला वार विचारला, महिना विचारला, चार शब्द सांगून थोड्या वेळानं परत म्हणायला लावले. शंभरातून सात सात उणे करत खाली जा म्हणाला. मॅडम घडाघडा गेल्या. मी मनात करत होतो, मी मध्ये अडखळलो. डॉक्टर म्हणाला, हे तर छान आहे. मग त्यानं विचारलं, विसरतंय असं पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

मॅडमनं सांगितलं. सगळं. कोरोनाच्या वेळचा व्हिडिओ, दोरीच्या उड्या, समीक्षा. म्हणाल्या, ‘मले आजही पक्कं आठवते का मी बोलली. शब्दन् शब्द आठवते. पण मी बोललीच नव्हती, डॉक्टर. व्हिडिओत नाई आहे. तवा मले पह्यल्यांदा समजलं, का माझ्या डोक्यात काई तरी बिघडलं.’

डॉक्टर लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘तुम्ही यांच्यासोबत काम करता? तेव्हा होता तुम्ही? असं झालं होतं?’

मी आतापर्यंत जे सांगितलं ते सांगणं एक वेळ सोपं होतं. ते कापणं, ते पुसणं, ते फोनवरचं बोलणं — तेव्हा मी घाबरलो होतो, घाईत होतो, जग उलटंपालटं झालं होतं; तुम्ही मनातल्या मनात मला थोडी सूटही दिली असेल. पण त्या खोलीत घाई कसली होती? मुख्याध्यापक नव्हते, पालक नव्हते. समीक्षाची जखम केव्हाच भरली होती. माझी नोकरी जाणार नव्हती. फक्त ती बाई, तो मुलगा आणि मी. ‘डॉक्टर, ते मी कापलं होतं’ — वाक्य जिभेवर आलेलं मला आठवतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. आणि त्या आता माझ्याकडे कशा बघतील, या एका विचारानं मी ते गिळलं.

मी म्हणालो, ‘हो. तेव्हापासूनच.’

तेवढंही पुरलं नाही मला. वर म्हणालो, ‘आता जरा वाढलंय.’

डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

एमआरआय झाला. त्यात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाला, आज चिंतेचं काही दिसत नाही, पण सोबतचे सांगतात त्यावरून लक्ष ठेवू, सहा महिन्यांनी परत या. सोबतचे म्हणजे मी. गाडीत बसताना थूल मॅडम म्हणाल्या, ‘तुमी आले म्हणून बरं झालं, सर. मी एकटी आली असती त कमी करून सांगतलं असतं.’

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून मैदान सोडलं. मुलींची कबड्डीची टीम तालुक्याला त्याच न्यायच्या, त्यांच्याच हाताखाली चार मुली जिल्ह्यापर्यंत गेल्या होत्या. म्हणाल्या, ‘लेकरायची जबाबदारी आहे, सर. मले आता माझाच भरोसा नाई.’ मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, खरंच एवढं आहे का? मी म्हणालो, डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं आहे. हे खरं होतं. मी किती सावधपणे खरं बोलतो बघा आता.

टीम यंदा गेली नाही. मुली दोन दिवस रुसल्या, मग अभ्यासाला लागल्या. मॅडमना ग्रंथालय दिलंय. त्या पुस्तकांना कव्हर घालतात. मैदानावरून पोरांचा गलका आला की खिडकीकडे बघतात, उठत नाहीत. त्यांच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. दर वेळी वाटतं, आज सांगू. आज शनिवार आहे, आज नको. आज त्यांचे मिस्टर आलेत, आज नको. तुम्हाला सांगतोय ते काही त्यांना सांगणं नव्हे, हे मला कळतं.

अलीकडे त्यांनी एक नवीन सुरू केलंय. काही झालं की त्या मला विचारतात. दुसऱ्या कोणाला नाही, मलाच. मी चहाचे पैसे दिले का, सर? हे मी तुमाले आधी सांगतलं होतं का? आणि मी सांगेन ते त्या खरं धरतात.

परवा शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बसची वाट बघत फाट्यावर उभे होतो. माझी गाडी दुरुस्तीला होती. मॅडम एकदम दचकल्या. ‘सर, ग्रंथालयाले कुलूप लावलं नं मी?’

‘लावलं, मॅडम.’

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. पिशवी खाली ठेवून त्या निवांत कठड्यावर बसल्या. मागे वळून शाळेकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी ग्रंथालयाकडे गेलोच नव्हतो.